बी आणि बांध : जपानच्या प्रागितिहासातील एक स्थित्यंतर

मानवाच्या इतिहासाचे कोणतेही पाठ्यपुस्तक उघडावे, पहिल्याच प्रकरणात आपल्याला एक शिडी भेटते. तिच्या तळच्या पायरीवर हातात दगडाचे हत्यार घेतलेला, शिकारीमागे आणि कंदमुळांमागे रानोमाळ हिंडणारा माणूस असतो. पुढे केव्हातरी त्याला बियाचे रहस्य उमगते. तो पेरू लागतो. पेरले म्हणजे राखणे आले आणि राखणे आले म्हणजे एका जागी राहणे आले. मग तो घर बांधतो, मडके घडवतो, धान्य साठवतो. आणि त्या साठ्यातून गाव, नगर, राजा व लिपी अशा वरच्या पायऱ्या क्रमाने निघतात. ही शिडी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की ती कोणीतरी, एका विशिष्ट काळी उभी केली आहे, याचा आपल्याला विसर पडतो.

अमेरिकन पंडित लुइस हेन्री मॉर्गन याचा ‘प्राचीन समाज’ हा ग्रंथ १८७७ साली प्रसिद्ध झाला. त्याने मानवी प्रगतीच्या तीन अवस्था कल्पिल्या : वन्य, रानटी आणि सुसंस्कृत. पहिल्या दोहोंमधील सीमारेषा त्याने कुंभारकामावर आखली. ज्याला मडके घडवता येत नाही तो वन्य. ज्याला येते तो एक पायरी वर चढला. पुढे १९३६ साली गॉर्डन चाइल्ड या थोर पुरातत्त्वज्ञाने शेतीच्या आरंभाला ‘नवाश्मयुगीन क्रांती’ असे नाव दिले. शेती, स्थिर वस्ती, मडकी आणि घासून गुळगुळीत केलेली दगडी हत्यारे या साऱ्या गोष्टी एकाच कुटुंबातील भावंडे होत, असे चित्र त्यातून रूढ झाले.

या दोघांचे ऋण मोठे आहे. मातीतून निघालेल्या वस्तूंच्या राशीतून समाजाचा इतिहास वाचता येतो, हे आपण त्यांच्याकडूनच शिकलो. परंतु ज्या साली मॉर्गनचा ग्रंथ बाहेर पडला त्याच साली, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, काही खापरे जमिनीतून वर आली. ती घडवणाऱ्या लोकांचा इतिहास जसजसा उलगडत गेला, तसतशी या शिडीची एकेक पायरी निखळू लागली. बी पेरता येणे म्हणजेच शेती काय? आणि ज्याला पेरता येते तो शेतकरी होतोच काय? या दोन प्रश्नांचा विचार जपानच्या आधारे करावयाचा आहे.

खापरांवरून पडलेली नावे

एडवर्ड मोर्स हा अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ १८७७ साली जपानला आला तो ब्रॅकिओपॉड नावाच्या सागरी जीवांचा अभ्यास करण्यासाठी. योकोहामाहून टोकियोकडे जाणारी आगगाडी सुरू होऊन तेव्हा अवघी पाच वर्षे झाली होती. ओमोरी स्थानकाजवळ रुळांसाठी कापलेल्या दरडीत त्याला शिंपल्यांचा पांढरा थर दिसला. समुद्रावरून बऱ्याच आत शिंपल्यांची रास पडली असेल तर ती माणसाने खाऊन टाकलेली असली पाहिजे, हे त्याने तत्काळ ओळखले. तेथे त्याने केलेले उत्खनन हा जपानमधील शास्त्रीय पुरातत्त्वाचा आरंभ मानला जातो. १८७९ साली त्याचा अहवाल छापून निघाला. ओल्या मातीवर दोरी दाबून उमटवलेली नक्षी त्या खापरांवर होती. तिचे त्याने जे वर्णन केले त्याचा जपानी अनुवाद ‘जोमोन’, म्हणजे दोरीची नक्षी, असा झाला आणि तेच एका युगाचे नाव ठरले.

दुसरे नाव १८८४ सालचे. टोकियोतील यायोई नावाच्या वस्तीत एक साधे, जवळजवळ नक्षीहीन मडके सापडले. त्याचा घाट निराळा आणि वळणही निराळे. अशी मडकी जेथे निघत तेथे पुढे भाताच्या खुणाही निघू लागल्या. म्हणून भातशेतीच्या पहिल्या युगाला ‘यायोई’ हे त्या वस्तीचेच नाव मिळाले. ही दोन नावे आता जपानी शाळकरी मुलांनाही पाठ असतात. जोमोन म्हणजे शिकार, मासेमारी आणि वेचणी. यायोई म्हणजे भात. विभागणी सोपी आहे. तिच्या आत काय दडले आहे ते मात्र तितके सोपे नाही.

मडके आधी, शेती मागाहून

पहिला धक्का कालमापनाने दिला. होन्शू बेटाच्या उत्तर टोकाला आओमोरी प्रांतात ओदाई-यामामोतो नावाचे स्थळ आहे. तेथील बिननक्षीच्या खापरांचे वय आज सुमारे १६,५०० वर्षे धरले जाते. त्या वेळी हिमयुग संपलेले नव्हते आणि जगात कोठेही शेती नव्हती. म्हणजे मडके आणि शेती ही भावंडे असतील, तर मडके हे हजारो वर्षांनी थोरले भावंड ठरते! मग त्या मडक्यांत शिजत काय होते? २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात अशा अतिप्राचीन खापरांना चिकटलेल्या करपलेल्या अन्नाचे रासायनिक पृथक्करण करण्यात आले. त्यात मुख्यतः मासे आणि इतर जलचर यांच्या स्निग्धांशाच्या खुणा निघाल्या. कुंभारकला धान्यासाठी जन्मली या समजाला आता आधार उरलेला नाही.

दुसरा धक्का स्थिर वस्तीचा. १९९२ साली आओमोरी शहराजवळ बेसबॉलचे क्रीडांगण बांधण्यापूर्वी सान्नाई-मारुयामा येथे उत्खनन सुरू झाले. जे निघाले ते पाहून १९९४ साली क्रीडांगणाचा बेतच रद्द करावा लागला. हे गाव सुमारे ५,९०० ते ४,२०० वर्षांपूर्वी, म्हणजे जवळजवळ सतरा शतके नांदते होते. जमिनीत खोल घेतलेली घरे, लांबलचक सभागृहासारख्या इमारती, खांबांवर उचललेली कोठारे, प्रौढांची ओळीने असलेली थडगी, मडक्यांत पुरलेली तान्ही मुले, मातीच्या दोन हजारांवर मूर्ती, असा तेथील संसार आहे. एका ठिकाणी सहा प्रचंड खांबांचे खळगे दोन रांगांत निघाले. प्रत्येक खांब चेस्टनट वृक्षाचा, सुमारे एक मीटर व्यासाचा. आणि दोन खांबांमधील अंतर सर्वत्र ४.२ मीटर. एवढे अचूक मोजणारे आणि एवढी लाकडे उभी करण्यासाठी माणसे जमवणारे हे लोक शेतकरी नव्हते. त्यांच्या गावात येणारे जेड शेकडो किलोमीटरवरून येई आणि हत्यारांसाठी लागणारी ज्वालामुखीची काळी काच समुद्र ओलांडून होक्काइदोहून येई.

तिसरी गोष्ट आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. हे लोक केवळ निसर्गाने पुढे केलेले उचलून खात होते असेही नाही. सान्नाई-मारुयामा येथील चेस्टनट फळांत आनुवंशिक वैविध्य कमी आढळते. रानातल्या झाडांत ते अधिक असावयास हवे. अर्थात चांगली झाडे निवडून ती गावाभोवती वाढवली जात होती, असा निष्कर्ष निघतो. फुकुई प्रांतातील तोरिहामा येथील ओल्या मातीत दुध्या भोपळ्याचे अवशेष मिळाले आणि उरुशी वृक्षाच्या चिकाचे तांबडे रोगण दिलेली लाकडी फणीही मिळाली. मध्य होन्शूच्या डोंगराळ भागात सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीच्या मडक्यांच्या मातीत सोयाबीनचे आणि आपल्या मुगाच्या जातकुळीतील आझुकी या कडधान्याचे ठसे आहेत. दाणा जळून नाहीसा झाला, त्याची पोकळी मात्र भाजलेल्या मातीत राहिली. त्या पोकळीत रबरासारखा पदार्थ भरून दाण्याचा साचा काढतात आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. असे साचे मोजले तेव्हा दाण्यांचा आकार काळाच्या ओघात वाढत गेल्याचे दिसून आले. रानटी दाणा आपण होऊन असा सहसा मोठा होत नाही. त्यामागे निवडणारा आणि पेरणारा हात असतो.

याच पद्धतीने आणखी एक गमतीची गोष्ट उजेडात आली. साठवलेल्या तांदळाला सोंडकिडे लागतात हे आपल्या घरोघरी ठाऊक आहे. मडक्यात अशा किड्याचा ठसा मिळाला म्हणजे तेथे तांदूळ होता, असे पूर्वी मानीत. परंतु दक्षिणेकडील तानेगाशिमा बेटावर सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच्या, म्हणजे जपानात भात पोचण्याच्या कितीतरी आधीच्या मडक्यांतही हे किडे सापडले. तेव्हा ते ओकच्या आणि चेस्टनटच्या फळांवर पोसले जात असले पाहिजेत. किडा लागण्याइतका साठा घरात होता, आणि तो वर्षानुवर्षे एकाच जागी होता, ही साक्ष त्या बिचाऱ्या किड्याने दिली आहे. ओकची बरीच फळे तुरट व कडू असतात. ती कुटून वाहत्या पाण्यात भिजत घालावी लागतात. काही जातीच्या फळांना राखेच्या पाण्याचाही संस्कार लागतो. एवढी खटपट पिढ्यानुपिढ्या करणाऱ्यांना ‘आयते खाणारे’ म्हणणे अन्यायाचे होईल.

म्हणून हे युग सुवर्णयुग होते असे समजण्याचे कारण नाही. कोयामा शूझो यांनी स्थळांच्या संख्येवरून लोकसंख्येचा एक अंदाज बांधला आहे. त्यानुसार मध्य जोमोन काळात जपानात सुमारे २,६०,००० माणसे होती; उत्तरार्धात हवा थंडावत गेली आणि जोमोनच्या शेवटी ही संख्या सुमारे ७६,००० वर आली. आकडे अंदाजाचे आहेत. पण घसरण खरी आहे. सान्नाई-मारुयामासारखी मोठी गावे ओस पडली. रानावर पोसलेला समाज रानाबरोबर आकसतो.

तथापि त्याच काळातील एका गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. होक्काइदोमधील इरिए येथील शिंपल्यांच्या ढिगाऱ्यात एका व्यक्तीचा सांगाडा मिळाला. तिच्या हातापायांची हाडे काडीसारखी वाळलेली होती; पोलिओसारख्या दुखण्याने ती लहानपणीच पंगू झाली असावी. तरीही ती तारुण्यापर्यंत जगली. म्हणजे तिला कोणीतरी वर्षानुवर्षे खाऊ घातले, उचलून नेले आणूनही ठेवले. मॉर्गनच्या शिडीवर या गोष्टीसाठी पायरी नाही.

खाचरांचे आगमन

इसवी सनापूर्वी पहिल्या सहस्रकाच्या आरंभी, चीनमध्ये यांगत्से नदीच्या खोऱ्यात हजारो वर्षांपूर्वी माणसाळलेले भात कोरियन द्वीपकल्पातून क्यूशू बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर उतरले. फुकुओका शहरातील इताझुके येथे १९७८ साली आणि जवळच्या काराट्सू येथील नाबाताके येथे १९८०-८१ साली जी खाचरे उघडी झाली, ती जपानमधील सर्वांत जुन्या खाचरांपैकी होत. इताझुकेची खाचरे पाहून तज्ज्ञ थक्क झाले. कारण त्यांत आरंभाचा अडाणीपणा कोठेच नव्हता. पाट होता, पाण्याला अडवण्यासाठी बंधारा होता, खुंट्या ठोकून भक्कम केलेले बांध होते, लाकडी कुदळी होत्या, लोंब्या कापण्याचे दगडी विळे होते. चिखलात माणसांच्या पावलांचे ठसेही तसेच राहिले होते. कोकणात किंवा मावळात वाढलेल्या वाचकाला पाट, बांध आणि चिखलणी या शब्दांची फोड करून सांगावी लागत नाही. ही विद्या चाचपडत शिकलेली नव्हती. ती संपूर्ण अवस्थेत कोणीतरी बरोबर आणली होती.

कोणी आणली? येथे पंडितांचे जुने भांडण आहे. काही म्हणत, बाहेरून लोक आले आणि त्यांनी जुन्यांना हटवले. काही म्हणत, जोमोन लोकांनीच नवी विद्या उचलली. १९५३ साली यामागुची प्रांतातील दोइगाहामा येथे सुमारे तीनशे सांगाड्यांचे दफनस्थान उघडण्यास आरंभ झाला. कानासेकी ताकेओ यांनी त्यांची मापे घेतली. ती माणसे जोमोन लोकांपेक्षा उंच आणि लांबट चेहऱ्याची होती. बाहेरून आलेल्यांचा पक्ष त्यामुळे बळावला. परंतु फुकुओकाजवळ शिनमाची येथे याच आरंभीच्या काळातील थडगी कोरियन धाटणीची, मोठ्या शिळा ठेवलेली, आणि आत निजलेली माणसे मात्र जोमोन ठेवणीची निघाली. इताझुके आणि नाबाताके येथील भांड्यांतही हीच सरमिसळ आहे. चुलीवरचे खोल भांडे जुन्या जोमोन वळणाचे आणि साठवणीचा रांजण नव्या कोरियन वळणाचा. एकाच घरात चूल जुनी आणि कोठी नवी असावी, असे ते दृश्य आहे.

अलीकडे प्राचीन हाडांतील आनुवंशिक द्रव्य वाचता येऊ लागल्यापासून या भांडणाला नवे वळण लागले आहे. होन्शूवरील आजच्या जपानी माणसात जोमोन वारसा ढोबळमानाने एक दशांश ते एक पंचमांश एवढा आहे. ओकिनावाच्या लोकांत तो अधिक आणि होक्काइदोच्या ऐनू लोकांत सर्वांत अधिक आहे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने तर यायोई काळात एक आणि त्यानंतरच्या कोफुन काळात दुसरा, असे बाहेरून आलेले दोन प्रवाह दाखवले आहेत. तेव्हा लोक आले हे निश्चित. पण ते पुराच्या लोंढ्यासारखे एकदम आले आणि जुन्यांना वाहवून घेऊन गेले, असे दिसत नाही. शतकानुशतके येणे चालू होते आणि शतकानुशतके मिसळणेही चालू होते.

या ‘शतकानुशतके’ शब्दाला २००३ साली विशेष वजन आले. यायोई युग इसवी सनापूर्वी पाचव्या-चौथ्या शतकात सुरू झाले असे तोवर शिकवले जाई. जपानच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयातील संशोधकांनी मडक्यांवरील काजळीचे किरणोत्सारी कार्बनने वय काढले आणि हा आरंभ सुमारे पाच शतके मागे, इसवी सनापूर्वी दहाव्या शतकाकडे नेला. मोठा वाद झाला. माशांचा अंश असलेली काजळी वय फुगवून सांगते, हा आक्षेप वजनदार होता. अजूनही सर्वांचे एकमत नाही. परंतु आरंभ पूर्वी मानत त्याहून बराच जुना, हे आता बहुतेकांना मान्य आहे. नवी कालगणना धरली, तर क्यूशूहून ओसाकाच्या परिसरात पोचायला भाताला दोन-तीन शतके लागली आणि पूर्वेकडील कांतो मैदानात पोचायला त्याहून कितीतरी अधिक. कांतो आणि मध्य होन्शूच्या डोंगराळ भागात तर पहिली धान्ये म्हणून भाताऐवजी राळ्यासारखी भरड धान्ये आली. क्रांती या शब्दात जो झपाटा अभिप्रेत आहे, तो येथे शोधूनही सापडत नाही.

मग शेजाऱ्याचे हिरवे खाचर डोळ्यांसमोर असताना जोमोन माणूस इतका काळ का थांबला? तो अडाणी म्हणून थांबला, हे उत्तर आपण वर पाहिलेल्या पुराव्यापुढे टिकत नाही. त्याला बी ठाऊक होते, निवड ठाऊक होती, साठवण ठाऊक होती. त्याचे वर्ष अनेक आधारांवर उभे होते. शरदात फळे, थंडीत हरीण व डुक्कर, वसंतात शिंपले, पुढे मासे, आणि जोडीला परसातले कडधान्य. एक आधार तुटला तर दुसरा असे. खाचराने त्याच्याकडे जे मागितले ते बियाच्या ज्ञानाहून निराळे होते. वर्षातील मोक्याचे महिने एकाच पिकाला द्यावे लागत होते. पाणी वाटून घ्यावे लागत होते. बांध सर्वांनी मिळून घालावा लागत होता आणि एकदा घातला की सोडून जाता येत नव्हते. आमच्या मते जोमोन आणि यायोई यांतील खरी सीमारेषा येथे आहे. जोमोन माणसाने बी पेरले होते. बांध घातला नव्हता. पेरणे हे एका कुटुंबाचे कौशल्य आहे. बांध आणि पाट ही समाजाची व्यवस्था आहे.

कोठार आणि खंदक

ही व्यवस्था एकदा रुजली म्हणजे तिच्याबरोबर काय काय येते, हे दोन उत्खननांतून पाहता येईल.

शिझुओका शहरातील तोरो हे स्थळ १९४३ साली, महायुद्धासाठी कारखाना बांधताना सापडले. त्याचे पद्धतशीर उत्खनन १९४७ ते १९५० या काळात झाले आणि त्या निमित्ताने १९४८ साली जपानी पुरातत्त्व संघ स्थापन झाला. तो काळ ध्यानात घेतला पाहिजे. १९४० साली जपान सरकारने पुराणकथांतील पहिल्या सम्राटाच्या राज्यारोहणाचा २,६०० वा वर्धापनसोहळा साजरा केला होता, आणि शाळांतून त्या कथा इतिहास म्हणून शिकवल्या जात होत्या. पाच वर्षांत सारे कोसळले. उपाशी आणि पराभूत देशातील विद्यार्थी तोरोच्या चिखलात उतरले तेव्हा त्यांच्या हाती देव आणि सम्राट यांच्याऐवजी लाकडी कुदळी, चिखलात रुतू नये म्हणून पायांत घालायचे फळकुटी जोडे, कित्येक हेक्टर पसरलेली खाचरे आणि खांबांवरील कोठारे आली. कोठाराच्या खांबांवर उंदीर चढू नयेत म्हणून लाकडाच्या रुंद चकत्या बसवलेल्या होत्या. आपले पूर्वज शांतताप्रिय, कष्टाळू शेतकरी होते, हे चित्र त्या पिढीला औषधासारखे लागू पडले.

त्या चित्राला आधार होताच. यायोई काळातील काशाच्या एका प्रसिद्ध घंटेवर रेखाचित्रे आहेत. त्यांत दोन माणसे समोरासमोर उभी राहून उखळात मुसळांनी धान्य कांडताना दिसतात. शेजारी शिडी लावलेले कोठार आहे, आणि हरीण मारणारा शिकारीही आहे.

पुढे १९८६ साली सागा प्रांतात योशिनोगारी येथे उत्खनन सुरू झाले आणि १९८९ साली त्याची वार्ता देशभर पसरली. येथेही कोठारे होती. पण त्यांच्याभोवती सुमारे अडीच किलोमीटर लांबीचा खंदक होता, कुंपण होते, टेहळणीचे मनोरे होते. मोठमोठ्या रांजणांत पुरलेल्या मृतांपैकी एकाला मस्तक नव्हते. काहींच्या अंगात बाणांची टोके रुतलेली होती. सामान्यांची दफने ओळींनी, तर काही मोजक्यांची वेगळ्या उंचवट्यावर, मौल्यवान वस्तूंसह होती. जे कोठार उंदरांपासून राखायचे होते, ते आता माणसांपासूनही राखायचे होते.

जोमोन काळात हिंसा नव्हती असे नाही. परंतु २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत जोमोन सांगाड्यांपैकी हिंसक मृत्यूच्या खुणा असलेल्या प्रौढांचे प्रमाण दोन टक्क्यांहून कमी निघाले. गावाभोवती खंदक खणून गटागटाने लढण्याची तयारी करणे ही मात्र खाचरांबरोबर आलेली गोष्ट आहे. वर उल्लेखिलेल्या शिनमाचीच्या थडग्यांतील एका पुरुषाच्या मांडीच्या हाडात घासलेल्या दगडाच्या बाणाचे टोक तुटून राहिले आहे. म्हणजे भात आणि ही नवी लढाई यांची पावले एकाच किनाऱ्यावर, फारशा अंतराने नव्हे, उमटली. पाण्याच्या पाळीवरून आणि बांधावरून भांडणे का होतात, हे शेतकऱ्यांच्या देशात निराळे सांगण्याची गरज नाही.

तिसऱ्या शतकात चिनी इतिहासकाराने या बेटांतील लोकांचे जे वर्णन लिहून ठेवले आहे, त्यात भाताची लागवड आहे, करवसुली आणि सरकारी कोठारे आहेत, दास आहेत आणि हिमिको नावाची राणीही आहे. हलक्या दर्जाचा माणूस वाटेत थोरामोठ्याला भेटला तर तो बाजूच्या गवतात सरून उभा राहतो, असेही त्यात नमूद आहे. जोमोन गावातही मान कमीजास्त असेल. पण वाट सोडून गवतात उभे राहण्याची रीत राज्याच्या सावलीत वाढते.

याचा अर्थ शेती हे संकट होते असा कोणी काढू नये. कोयामांच्याच अंदाजानुसार यायोई काळात जपानची लोकसंख्या सहा लाखांच्या घरात गेली. जोमोनच्या अखेरीपेक्षा ती सातपटींहून अधिक होती. खाचराने इतकी तोंडे पोसली. त्याने दिले ते आणि घेतले ते, दोन्ही एकाच खात्यावर मांडले पाहिजे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

मागे फिरलेली पावले

शिडीवर चढता येते, उतरता येत नाही, असा आपला समज असतो. म्हणून आओमोरी प्रांतातील दोन स्थळे विशेष बोलकी आहेत. सुनाझावा येथे इसवी सनापूर्वी चौथ्या शतकाच्या सुमाराची खाचरे निघाली. एवढ्या थंड उत्तरेला भात इतक्या लवकर पोचला असेल यावर पूर्वी कोणी विश्वास ठेवला नसता. त्यानंतरच्या काळातील तारेयानागी येथे तर १९८० नंतरच्या उत्खननात ६५६ लहान लहान खाचरे आणि चिखलात उमटलेली असंख्य पावले सापडली. ही खाचरे पुराच्या गाळाखाली गेली. त्यानंतर पुढची कित्येक शतके त्या भागात भात दिसत नाही. लोक पुन्हा शिकारीकडे, मासेमारीकडे आणि वेचणीकडे वळले. त्यांना शेती येत नव्हती असे म्हणण्याची सोय येथे नाही; ती त्यांनी पिढ्यानुपिढ्या केली होती. थंडी वाढली, पूर आला, हिशेब जुळेना, तेव्हा त्यांनी जुना, अनेक आधारांचा संसार पुन्हा मांडला.

त्याच्याही उत्तरेला, होक्काइदोत, खाचर त्या काळी गेलेच नाही. तेथे जोमोन परंपरेचा पुढला अध्याय इसवी सनाच्या सातव्या शतकापर्यंत चालू होता. दक्षिण टोकाला ओकिनावातही शेती रुजली ती यायोई युग संपून कित्येक शतके लोटल्यावर. एकाच द्वीपसमूहात, एकाच वेळी, तीन निरनिराळ्या रीतींनी माणसे जगत होती. यांतील कोणी मागासलेले म्हणून मागे राहिले होते काय? प्रत्येकाने आपल्या समुद्राशी, रानाशी आणि हवेशी केलेला तो करार होता.

शिडीचा कायदा

हा सारा वाद हजारो वर्षांपूर्वीच्या मडक्यांचा आहे; त्याच्याशी आपल्याला काय कर्तव्य, असे कोणी विचारील. शिडी जोवर पुस्तकात असते तोवर ती निरुपद्रवी असते. ती कायद्यात उतरली म्हणजे काय होते, हेही जपाननेच दाखवले आहे.

होक्काइदोचे ऐनू लोक सामन मासा, हरीण आणि रानातील वनस्पती यांवर जगत. थोडी भरड धान्येही ते पिकवीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नव्या जपान सरकारने त्यांची भूमी ताब्यात घेतली, विषारी बाणांची शिकार बंद केली आणि नद्यांतील मासेमारीवर बंधने घातली. मग १८९९ साली त्यांच्या ‘संरक्षणा’चा कायदा झाला. त्यानुसार ऐनू कुटुंबाला सुमारे पाच हेक्टरपर्यंत जमीन मिळे. अट अशी, की तिच्यावर शेती करावी. पंधरा वर्षांत जमीन लागवडीखाली आली नाही तर ती परत जाई. ज्या लोकांची अन्नव्यवस्था रान आणि नदी मिळून झाली होती, त्यांना एका तुकड्यात कोंडून ‘वरच्या पायरीवर या’ असे सांगितले गेले. दिलेली जमीन अनेकदा निकृष्ट होती. हा कायदा १९९७ सालापर्यंत पुस्तकात राहिला. ऐनू हे होक्काइदोचे मूळनिवासी होत, हे जपानच्या संसदेने ठरावाने मान्य केले २००८ साली आणि कायद्यात लिहिले २०१९ साली.

तो कायदा करणारे सर्वच दुष्ट होते असे म्हणता येणार नाही. त्यांतील कित्येकांना आपण उपकार करत आहोत असेच वाटत असेल. शेतकरी तो पुढचा आणि शिकारी तो मागचा, हे त्यांनी इतिहासाचे सिद्ध सत्य म्हणून स्वीकारले होते. ज्या शास्त्राने ही शिडी उभी करण्यास हातभार लावला, त्याच शास्त्राने पुढे मडक्यातील काजळी, किड्याचा ठसा आणि चिखलातील पाऊल तपासून तिच्या पायऱ्या सैल केल्या, हा त्या शास्त्राचा प्रामाणिकपणा होय. २०२१ साली उत्तर जपानमधील सतरा जोमोन स्थळांना जागतिक वारशाचा मान मिळाला. त्यांत सान्नाई-मारुयामा आहे, आणि त्या पंगू व्यक्तीला सांभाळणाऱ्यांचे इरिएही आहे. शेतीवाचून हजारो वर्षे स्थिर राहिलेला समाज म्हणून हा मान आहे.

तेव्हा कोणत्याही समाजाकडे पाहताना तो शिडीच्या कितव्या पायरीवर उभा आहे, हा प्रश्न आपण बाजूला ठेवावा. तो काय पेरतो, कशासाठी साठवतो, पाणी कसे वाटतो, दुबळ्याला कसा सांभाळतो आणि कोठाराची किल्ली कोणाच्या हाती देतो, हे विचारावे. जोमोन आणि यायोई या दोन्ही युगांना हे प्रश्न सारख्याच न्यायाने विचारता येतात. आणि आपल्या स्वतःच्या युगालाही.